कललेली रोपं

१

अंधारखोलीला दोन दारं होती, आणि पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला पहिला धडा. दोन दारांच्या मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा. तिथे उभं राहून धाकटी खिसे चाचपायची, मोबाइल बाहेर ठेवलाय ना, घड्याळ काढलंय ना, आणि मग आतलं दार ढकलायची. आत खिडकी नव्हती. काळ्या भिंती, काळं छत, एक दगडी ओटा, एक स्टूल, आणि ओट्यावर ओल्या मातीचा ट्रे. दारासमोरच्या भिंतीत हवेचा पंखा होता. तो दिवसरात्र एका सुरात घूं घूं करायचा.

‘धाकटी’ हे नाव विभागात आलं ते तिच्या बहिणीमुळे. ताई सुरुवातीला विभागाच्या फोनवर फोन करायची आणि बेधडक विचारायची, “आमची धाकटी आहे का हो तिथे?” झालं. तेव्हापासून वनस्पतिशास्त्र विभागात तिला दुसरं नाव उरलंच नाही. प्राध्यापक बाईसुद्धा, ज्यांच्या हाताखाली ती पीएचडी करत होती, रागावल्या की पूर्ण नाव घ्यायच्या आणि बाकी वेळ धाकटीच म्हणायच्या.

तिचा प्रयोग सांगायला सोपा होता, करायला महाकठीण. मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं तण असतं, जगभरातल्या प्रयोगशाळा त्याच्यावर पोट भरतात. त्याची बी मिट्ट काळोखात पेरायची. रोप वर येतं ते पिवळटपांढरं, उंच, किडकिडीत, शेंड्याशी मान मुडपलेलं, बियेतली दोन्ही दलं मिटलेली. त्याने जन्मात उजेड पाहिलेला नसतो. अशा रोपात कुठली जनुकं जागी आहेत आणि कुठली झोपलेली, हे धाकटीला मोजायचं होतं. त्यासाठी शेवटच्या दिवशी रोपं अंधारातच खुडून, तिथल्या तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायची. मध्ये उजेडाची एक तिरीप जरी लागली तरी झोपलेली जनुकं खडबडून उठतात आणि सगळं मुसळ केरात.

प्रबंधाची बाकी सगळी प्रकरणं तयार होती. हे एक राहिलं होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “तिसऱ्यांदा मी कोणाच्या पाया पडणार नाही. या सत्रात दे, नाहीतर नाव रद्द.” नाव रद्द होणं धाकटीला परवडणार नव्हतं, कारण ते एकटीचं नाव नव्हतं. आईवडील गेल्यावर ताईने स्वतःचं कॉलेज सोडलं, शिवणयंत्रावर बसली आणि धाकटीला शिकवलं. कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं धाकटीला कधीकधी वाटायचं.

तर त्या दिवशी ती आत गेली आणि हिरवा दिवा लावला. अंधारखोलीत हिरवा दिवा चालतो, कारण तो मंद हिरवा उजेड रोपांना जवळजवळ कळत नाही, असं मानतात. आदल्या दिवशी रोपं सरळ होती. आज ती सगळीच्या सगळी पंख्याच्या भिंतीकडे कलली होती.

२

खिडकीतली कुंडी उजेडाकडे कलते हे शाळेतलं पोरही सांगेल. अंधारखोलीतली रोपं कलली म्हणजे कुठूनतरी उजेड गळतोय. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, चिडण्यासारखं मात्र पुष्कळ होतं.

“पंख्याचं भोक,” बाई म्हणाल्या. “दुसरं काय असणार? बुजव.”

धाकटीने पंख्याच्या मागे पत्र्याचा वळणदार बोळ बसवून घेतला, म्हणजे हवा येईल पण उजेडाला वळता येणार नाही. भिंतीच्या सांध्यांना काळी पट्टी मारली. हिरवा दिवा काढूनच टाकला आणि सगळं काम हाताच्या बोटांनी, चाचपत करायला लागली. नेहमीची साधी बी पेरून पाहिली. रोपं वर आली, सरळ आली, आणि शेवटच्या दिवशी पंख्याच्या भिंतीकडे कलली.

मास्तर तिच्याबरोबरच पीएचडी करत होते. आधी शाळेत शिकवायचे, वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून मास्तर. त्यांनी ट्रे हातात घेऊन गोल फिरवला.

“अगं, उजेडच कशावरून? पंख्याचा वारा असेल. ओल असेल. आपली आंधळी लाव की शेजारी.”

आंधळी म्हणजे एक वेगळं वाण. त्या रोपांत उजेडाची दिशा ओळखणारं प्रथिनच बनत नाही, त्यामुळे ती उजेडाकडे कधी कलत नाहीत. हे नाव मास्तरांनीच पाडलेलं. बाई त्यावर डाफरल्या होत्या आणि मग स्वतःही तेच म्हणायला लागल्या होत्या.

अर्ध्या ट्रेत साधी, अर्ध्यात आंधळी, अशी धाकटीने पेरणी केली. वारा असता तर दोन्ही वाकली असती, ओल असती तरी दोन्ही. शेवटच्या दिवशी ट्रे बाहेर आणला तेव्हा डोळस रोपं एका अंगाला लवली होती आणि आंधळी शहाण्यासारखी सरळ उभी होती.

“म्हणजे उजेडच,” मास्तर म्हणाले.

“उजेडच,” धाकटी म्हणाली. “शोधते मी. जातो कुठे!”

३

उजेडाची गळती शोधायची एकच खात्रीची रीत आहे. आत जायचं, दारं लावायची आणि नुसतं बसून राहायचं. डोळ्यांना अंधार सरावला की टाचणीएवढं भोकही ताऱ्यासारखं चमकतं.

रोपांचा शेवटचा दिवस धरून धाकटी सकाळीच आत गेली. मास्तर बाहेर दाराशी खुर्ची टाकून बसले. “कोणी चुकून दार उघडलं तर हात मोडीन,” म्हणाले. आत तिने स्टूल ओटा आणि पंख्याची भिंत यांच्या मध्ये ओढलं. आधी दाराकडे तोंड करून बसली. काही नाही. डावी भिंत पाहिली, उजवी पाहिली, छत पाहिलं. मग वळून पंख्याच्या भिंतीकडे डोळे फाडून पाहत राहिली. काळोखाशिवाय काही नाही. स्वतःचा हात नाकासमोर धरला तर तोही दिसेना. मग पुन्हा ट्रेकडे तोंड करून, पाय आखडून, दुपार टळेपर्यंत बसली. हट्टाला पेटली की ती अशी बसायची.

एकच गोष्ट झाली. बसल्या बसल्या पंख्याचा आवाज मध्येच दबला. बंद नाही पडला. समोर पडदा यावा तसा दबला, आणि मानेवर येणारी वाऱ्याची झुळूक थांबली. विजेचा दाब कमी झाला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते अगदी पटण्यासारखं होतं.

“गळती नाही,” बाहेर येऊन ती म्हणाली. “टाचणीएवढीही नाही.”

मग दोघांनी ट्रे बाहेर काढून पाहिला. रोपं पंख्याच्या भिंतीकडेच कलली होती. फक्त मधला एक पट्टा सरळ उभा होता. पट्टा एका टोकाला रुंद होता, पुढे एकदम निमुळता होत होता आणि तिथे त्याला गोल आकार आला होता. मास्तरांनी पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि ट्रे हळूच टेबलावर ठेवला.

तिची सावली होती ती. जिथे तिची सावली पडली तिथल्या रोपांना उजेड मिळाला नव्हता. म्हणजे ती आत बसली होती तेव्हा उजेड होता. तिच्या पाठीमागे होता. आणि ती वळून त्याच्याकडेच तर बघत होती.

“तुझा हात लागला असेल,” बाई म्हणाल्या. पण ट्रे त्यांनी जरा जास्तच वेळ निरखला, आणि मग म्हणाल्या, “दुसऱ्या संस्थेतल्या खोलीचं बघ.”

ते तिने आधीच बघितलं होतं. तिथली पाळी पुढच्या वर्षावर गेली होती.

मास्तर मात्र त्या दिवसानंतर खोलीच्या दोन दारांपर्यंतच यायचे. “मी भित्रा नाही,” म्हणायचे, “पण मला पोरंबाळं आहेत.”

४

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर माणूस पळ काढतो. धाकटीच्या अंगावर काटा आला नव्हता असं नाही. चांगला आला होता. पण सत्र संपत आलं होतं, आणि उजेड कसला का असेना, तो रोपांवर पडू द्यायचा नाही एवढंच तिला हवं होतं. कुणाचा, कशाचा, हे प्रश्न तिने प्रबंध झाल्यावर विचारायचं ठरवलं.

आधी तिने ट्रे पत्र्याच्या डब्यात बंद केला. रोपं कलली नाहीत, पण आखूड, जाडजूड आणि गुरफटलेली निघाली. कोंडलं की रोपं स्वतःच सोडलेल्या वायूत गुदमरतात आणि अशीच होतात. ती मोजायला काय कामाची? ट्रे मोकळ्या हवेतच हवा होता.

मग तिने पंख्याच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला. रोपं दाराकडे कलली. दाराच्या बाजूला दुसरा पुठ्ठा लावला, तर ती डावीकडे कलली. पुठ्ठ्याला वळसा घालून काहीतरी रोपांकडे येत होतं.

मग ताईकडून कोटाच्या अस्तराचं काळं सुती कापड आणलं. हवा जाईल, उजेड जाणार नाही. ते ट्रेवर तंबूसारखं ताणलं, दोन्ही दारांना कुलपं लावली आणि किल्ल्या खिशात घालून गेली. दुसऱ्या दिवशी चाचपलं तर ट्रेवर कापड नव्हतं. ते स्टुलावर सापडलं. चौपदरी, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातलेलं.

“मास्तर, मस्करी पुरे,” ती म्हणाली.

मास्तरांचा चेहरा पाहिल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही.

दुपारभर ती कॅन्टीनमध्ये चहाचा कप पुढे घेऊन बसली. डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट मांडत गेली. ते येतं फक्त शेवटच्या दिवशी. पुठ्ठ्याला ते वळसा घालतं. कापड काढून ठेवतं. पण मी मध्ये बसले त्या दिवशी ते माझ्या मागेच थांबलं. माझी सावली त्याने तशीच पडू दिली. का, ते माहीत नाही. पण माझ्यापुढे ते येत नाही.

मग मीच बसते मध्ये.

खरा प्रयोग जिच्यावर करायचा ती तिच्या स्वतःच्या वाणाची बी होती जेमतेम चिमूटभर. तीन वर्षं संकर करून तिने ते वाण काढलं होतं आणि पुन्हा काढायला पुन्हा तेवढीच वर्षं लागली असती. तिने चिमटीचे दोन भाग केले. एक भाग छोट्या ट्रेत पेरला, तिच्या पाठीच्या सावलीत पुरता मावेल एवढ्या. दुसरा भाग कुपीत परत ठेवला.

५

शेवटच्या दिवशी ती सकाळी आत गेली. ट्रे तिने ओट्याच्या कडेला, अगदी आपल्या गुडघ्यांपुढे ओढला. पंख्याकडे पाठ करून ताठ बसली. दोन्ही हात ट्रेच्या दोन बाजूंना.

पंखा घूं घूं करत होता. मानेवर झुळूक येत होती. ती मनातल्या मनात प्रबंधाचा निष्कर्ष लिहीत राहिली, पहिल्या वाक्यापासून.

मग झुळूक थांबली. आवाज दबला.

मागे वळून बघायची अनावर इच्छा झाली तिला. वळली असती तर सावली हलली असती. नाही वळली. जीभ दातांखाली धरली आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं. पाठीवर काही टेकलं नाही, कुणी श्वास सोडला नाही, काही म्हणजे काही झालं नाही. फक्त मागे जागा भरलेली होती. भरलेल्या जागेचा अंधार वेगळा असतो, हे ती शपथेवर सांगू शकली असती आणि शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एका शब्दानेही सिद्ध करू शकली नसती. ‘बस तू तिथेच,’ ती मनात म्हणाली. ‘मीही इथेच बसलेय. बघू कोण आधी कंटाळतं.’

किती वेळ गेला कोण जाणे. पाय मुंग्यांनी बधिर झाले. आणि मग एकदम मानेवर पुन्हा गार झुळूक आली. पंख्याचा सूर मोकळा झाला. गेलं! तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. उरलेला सगळा वेळ ती समोरच्या काळोखात बघत, जवळजवळ हसतच बसली होती.

संध्याकाळी मास्तरांनी ठरल्याप्रमाणे दारावर थाप मारली. तिने रोपांच्या शेंड्यांवरून तळवा अलगद फिरवला. एकही कललेलं नव्हतं. गवताच्या गालिच्यासारखी एकसारखी, सरळ. तिने त्यातली मूठभर अंधारातच खुडून गोठवली, उरलेला ट्रे दाखवायला म्हणून बाहेर नेला आणि आनंदाने ओरडली, “मास्तर, सरळ! सगळी सरळ!”

मास्तरांनी ट्रेत पाहिलं आणि बाईंना हाक मारली.

रोपं सरळ होती. आणि हिरवी होती. माना वर केलेल्या, दोन्ही दलं उघडून पसरलेली, दिवसभर उन्हात ठेवल्यासारखी टवटवीत हिरवी.

“दिवा लावला होतास?” बाई धावत आल्या. “कोणी लावला? किती वेळ?”

“नाही हो बाई. मी आत होते. अख्खा दिवस मी तिथेच होते.”

“मग कलली कशी नाहीत?” बाईंचा आवाज चढला. “एवढा उजेड मिळाला तर कुठेतरी कलायला हवीत ना?”

मास्तरांनी घसा खाकरला. वर्गात बोलावं तसं सावकाश म्हणाले, “बाई, दिवा बरोब्बर डोक्यावर धरला तर रोपं सरळच वाढतात.”

धाकटीला आत्ता उमगलं. झुळूक परत आली होती ती मागची जागा मोकळी झाली म्हणून. ते गेलं नव्हतं. ते वळसा घालून पुढे आलं होतं आणि ट्रेवर वाकून उभं होतं. तिच्या गुडघ्यांपुढे, तिच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. आणि ती दुपारभर त्याच्याकडे बघत हसत होती.

६

“सोडून दे,” बाई म्हणाल्या. बाई असं कधी म्हणत नसत. “मी वर बोलते. मुदत मागते. लागलं तर पाया पडते.”

“मिळणार नाही, तुम्हालाही माहीत आहे,” धाकटी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज ठाम होता. “आणि मिळाली तरी खोली हीच आहे.”

ताईला यातलं काही सांगितलं नव्हतं. घरी गेली तेव्हा ताई गिऱ्हाइकाचा झगा उसवत बसली होती. वर न बघता म्हणाली, “झालं का गं तुझ्या गवताचं?” धाकटीला भडभडून आलं. “होईल,” म्हणाली. “शेवटचं राहिलंय.”

कुपीतली उरलेली बी तिने पेरली. दाणे इतके थोडे होते की तळहाताएवढ्या तबकडीत मावले. या वेळी तिला नेमकं ठाऊक होतं, चूक कुठे झाली. रोपांच्या आणि आपल्या मध्ये तिने जागा ठेवली होती. जागा होती म्हणून कुणीतरी त्यात आलं.

शेवटच्या दिवशी ती, श्वासाची वाफ रोपांना लागू नये म्हणून, तोंडाला मास्क लावून आत गेली. तबकडी ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर ओणवी झाली. तान्ह्या मुलावर आई पाखर घालते तशी. कपाळ ओट्यावर टेकलं, हातांचा वेढा घातला, लांब एप्रनचे पदर दोन्हीकडून खाली सोडले. हवा जायला बगलेखालून फट होती, उजेडाला यायला कुठूनही जागा नव्हती. रोपांचे शेंडे तिच्या गालापासून बोटभर लांब.

पंख्याचा सूर दबला. पाठीवरची झुळूक थांबली.

या खेपेला झुळूक परत आली नाही. दुपार झाली असेल, टळली असेल. कंबर मोडून आली, कपाळाला दगड रुतला, पण ती तसूभर हलली नाही. पाठीला कसलाच स्पर्श नव्हता, ऊब नव्हती. मात्र पाठ आपली उघडी आहे, आणि वरून कुणीतरी ती वाचावी तशी बघतंय, असं तिला क्षणोक्षणी वाटत होतं. एकदा वाटलं, आपण रडतोय. तिने अश्रू मातीत पडू नयेत म्हणून तोंड फिरवलं. ‘हे ताईचं आहे,’ ती दातओठ खाऊन पुटपुटत राहिली. ‘हे ताईचं आहे. हात लावू देणार नाही.’

दारावर थाप पडली तेव्हा तिने चाचपत एकेक रोप खुडलं. सगळी गोठवली, दोन सोडून. ती दोन बाहेर आणली.

पिवळटपांढरी. मान मुडपलेली, दलं मिटलेली, सरळ. उजेड कशाला म्हणतात ते ठाऊक नसलेली.

बाईंनी तिला सगळ्यांदेखत मिठी मारली. मास्तर रुमालात नाक शिंकरत म्हणाले, “जिंकलीस गं, जिंकलीस.” पुढच्या आठवड्यांत मोजण्या झाल्या, आकडे आले, आणि असे स्वच्छ आले की बाईंनी दोनदा तपासायला लावले. प्रबंध गेला. तोंडी परीक्षेची तारीख लागली. अंधारखोलीची किल्ली धाकटीने बाईंच्या हातात दिली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

७

परीक्षेसाठी कोट शिवायचा, हे ताईने ठरवूनच टाकलं होतं. “लोकांचे शिवून शिवून डोळे गेले माझे. आता एक आमच्या डॉक्टरीणबाईंचा!”

स्वच्छ दुपार होती. खिडकीतून ऊन थेट शिवणयंत्रावर येत होतं. खोलीभर कापडाचे तुकडे, टाचण्यांची डबी, इस्त्रीचा वास. ताईने टेप गळ्यात टाकली, खडू कानावर खोचला आणि धाकटीला मध्यभागी उभं केलं.

“सरळ उभी राहा.”

“आहे की.”

“कसली आहेस? उजवा खांदा बघ केवढा उतरलाय. त्या मायक्रोस्कोपमध्ये वाकून वाकून वाट लावलीस अंगाची.” ताईने दोन्ही खांदे धरून तिला सरळ केलं, टेप लावली आणि म्हणाली, “अगं, पुन्हा!”

धाकटीला स्वतःला काही जाणवत नव्हतं. ती सरळच उभी होती. पण तिने समोरच्या आरशात पाहिलं, तर ती उजवीकडे कलली होती. मानेपासून घोट्यापर्यंत, एकसारखी. उजवीकडे कपाट होतं आणि कपाटाशेजारची रिकामी जागा. खिडकी डावीकडे होती.

“थांब, पाठ मोजते,” म्हणत ताई तिच्या मागे गेली. टेप पाठीवर टेकवली आणि हसली. “तू काय झुलतेयस का गं? आत्ता उजवा होता, आता डावा उतरला.”

धाकटीने आरशातून नजर हलवली नाही. तिचं अंग सावकाश, तिच्या मर्जीशिवाय, डावीकडे येत होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पंखा बंद होता. कशाचा आवाज नव्हता.

“ताई,” ती म्हणाली. “जरा माझ्या पुढे ये.”

“का गं?”

“ये ना.”

ताई पुढे आली, टेपचं टोक दातांत धरून, टाचण्या लावलेली बाही हातात घेऊन. “बोला,” म्हणाली. आणि धाकटी हळूहळू पुढे कलायला लागली. तोल जात नव्हता, पाय जागेवर होते, फक्त अंग पुढे लवत होतं, ताईच्या खांद्यावरून पलीकडे, ताईच्या पाठीमागच्या जागेकडे. जिकडे आपण कलतोय तिकडे ते आहे, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं.

आयुष्यभर ताईने तिला झाकलं होतं. शाळेच्या फीपासून लोकांच्या बोलण्यापर्यंत, जे आलं ते आधी ताईच्या अंगावर आलं होतं. धाकटीला एकाच वेळी भयानक भीती वाटली आणि अतोनात प्रेम दाटून आलं, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त राग आला.

तिने ताईच्या दंडाला धरून तिला गर्रकन फिरवलं, खाली जमिनीवर बसवलं आणि तिच्यावर ओणवी झाली. मध्ये बोटभरही जागा ठेवली नाही.

“अगं, अगं! टाचण्या आहेत हातात! वेड लागलं का तुला?” ताई खालून हसत होती, गुदमरत होती. “ऊठ, माप राहिलं ना!”

“हलू नकोस, ताई.”

“अगं पण झालं काय?”

“काही नाही. तू हलू नकोस,” धाकटी म्हणाली. तिने ताईचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं, दोन्ही हातांचा वेढा आवळला आणि पाठ खोलीकडे केली.